नोंद आढळली नाही

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, कारण ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. हिच्यात स्मशान नाही, पडकं घर नाही. एक कचेरी आहे, एक बाई आहे आणि एक यादी आहे. ऐकून झालं की मी तुमच्याकडे एकच मागणं मागणार आहे. ते शेवटी.

अमेरिकेतल्या लारकिन काउंटीत, मक्याच्या शेतांमधोमध नॉरवेल नावाचं गाव आहे. तिथल्या शेरीफच्या कचेरीत तळमजल्यावरची तिसरी खिडकी आर्दिस वीम्सची. सव्वीस वर्षं तिचीच. लैंगिक अत्याचाराची शिक्षा भोगून सुटलेली माणसं या खिडकीशी येत. घर बदललं तर तीन दिवसांत यायचं, नाही बदललं तरी दर तीन महिन्यांनी यायचंच. आर्दिस त्यांना राखाडी पडद्यापुढे उभं करून फोटो घ्यायची, बोटं ठशांच्या यंत्राच्या काचेवर टेकवायला लावायची, गाडीचा नंबर आणि कामाची जागा विचारायची, आणि नियमांच्या तेवीस ओळींपुढे एकेक सही करून घ्यायची. मग ते सगळं संगणकावर चढे. काउंटीतल्या कुणालाही घरबसल्या नाव किंवा पत्ता टाकून पाहता येई, की आपल्या गल्लीत असा कुणी राहतो का.

सकाळी आठला आली की तिचं पहिलं काम ती काच पुसायचं. स्पिरिट, मऊ फडकं, चार कोपरे.

"आर्दिसबाई, इतकं तर माझी बायको आरसाही पुसत नाही," डेप्युटी कर्टिस बेन म्हणायचा.

"त्यात रोज तुझं तोंड दिसत असेल तर कशाला पुसेल बिचारी?"

असं त्यांचं चालायचं. हसतमुख बाई. रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची, आजारी माणसाच्या घरी गरम सूप पोचवायची. वाईट होती असं मी म्हणणार नाही. म्हणून तर सांगतो आहे.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी खिडकीशी विशीतली एक मुलगी आली. अंगावर लाकडाच्या वखारीचं जाकीट, बाहीवर भुसा.

"एक नाव बघायचंय. डेल्बर्ट टोलेफसन."

आर्दिसची बोटं कळांवर थांबली. "ते वारले. चार वर्षं झाली."

"ठाऊक आहे. बघा तरी."

आर्दिसने नाव टाकलं. पांढऱ्या पडद्यावर काळी ओळ आली: नोंद आढळली नाही.

"हेच दाखवलं होतंत तुम्ही माझ्या आईला," मुलगी म्हणाली. "अकरा वर्षं झाली. आम्ही गावात नवे होतो. मी नऊ वर्षांची, तिथे बाकावर बसले होते. आईने विचारलं, हे गृहस्थ चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवतात, पोरीला पाठवू का? तुम्ही स्क्रीन तिच्याकडे वळवलीत. आणि हसलात. आई घरी येऊन म्हणाली, किती गोड बाई आहे."

मुलीचं नाव लिनेट क्लाइन. डेल्बर्ट टोलेफसन हा आर्दिसचा सख्खा मोठा भाऊ, हे तिच्या आईला तेव्हा ठाऊक नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं.

डेल्बर्टचा गळा असा, की तो गायला लागला की रडवेलं तान्हं मूलही गप्प व्हायचं. भजनाला असा गळा लाभावा म्हणून माणसं आयुष्यभर देवाला विनवतात. आणि त्याच गळ्याच्या ओढीने मुलं चर्चच्या तळघरातल्या त्याच्या खोलीत जात.

आर्दिसला माहीत होतं. एकोणनव्वदच्या हिवाळ्यात ती भावाचा डबा द्यायला गेली, तेव्हा जिन्याखाली सात वर्षांची एक मुलगी बसली होती. एका पायात बूट नव्हता. "मला परत आत पाठवू नका," एवढंच ती म्हणाली. आर्दिसने बूट शोधला, तिच्या पायात घातला, नाडी बांधली, तिला घरी सोडलं. रात्रीच्या जेवणाला भाऊ समोर बसला होता, त्याने मान वर केली नाही. तिनेही काही विचारलं नाही. आई हयात होती, तिला धक्का बसला असता. पुढे आई गेली, तेव्हा दुसरं काही कारण सापडलं.

आणि खिडकीचा नियमच होता की यादीत आहे तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं काही नाही. त्या दिवशी ती अक्षरशः खरं बोलली होती.

"येत्या रविवारी चर्चच्या नव्या गायनशाळेला त्यांचं नाव देणार आहेत," लिनेट म्हणाली. "मी पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणतात, यादीत तर कधी नव्हते ते."

"मेलेल्या माणसावर खटला होत नाही, बाळ. आणि खटला नाही तर यादी नाही."

"यादी कोण मागतंय? कुणी एकाने म्हणावं, ही पोर खोटं बोलत नाहीये. तुम्ही त्यांच्या बहीण. तुमचं ऐकतील."

आर्दिसने टेबलावरचे कागद सारखे केले. "मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली.

आणि सवयीने हसली.

मंगळवारी सकाळी काच पुसायला गेली तर काचेच्या खालच्या कडेला एक ठसा होता. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनेच यंत्र झाकलं होतं. ठसा अंगठ्याचा, पण एवढासा. वाटाण्याएवढा.

"कुणाचं पोर आलं होतं का रे सकाळी?"

कर्टिसने वाकून पाहिलं. "आपण दोघंच तर आलोय," तो म्हणाला. "पण पोराचाच आहे खरा. बुटकं पोर, टाचा उंचावून टेकवलाय."

तिने पुसला. मग का कुणास ठाऊक, बसल्याबरोबर भावाचं नाव टाकलं.

नोंद आली. नाव, नोंदणी क्रमांक. बाकीचे रकाने रिकामे. पत्ता मात्र होता: सेंट ओलाफ दफनभूमी, रांग नऊ.

तिने कर्टिसला हाक मारली. तो कॉफीचा कप घेऊन आला, स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नोंद आढळली नाही," त्याने वाचलं. "भावाला शोधताय? तिथे? आर्दिसबाई, बरं वाटत नाहीये का? घरी जाता का?"

ती गेली नाही.

बुधवारी काचेवर दोन ठसे होते. नोंदीत उंची आली होती, डोळ्यांचा रंग, डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग. तो डाग लहानपणी तिच्याच हातून झाला होता, आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता. फोटोच्या चौकटीत नुसता राखाडी पडदा. हाच, खिडकीशेजारचा, खाली सुटलेली शिवणही दिसत होती. त्याखाली एक ओळ होती. तिथे पीडितांची नावं कधी नसतात, फक्त वय असतं.

सात. नऊ.

सातची आर्दिसला ठाऊक होती. नऊचीला तिने सोमवारी परत पाठवलं होतं.

त्या दिवशी खिडकीशी एक म्हातारा आला, दर तीन महिन्यांनी येणारा. सह्या करता करता म्हणाला, "बाई, तुमचं बरं आहे. आमचं सगळं जगाला दिसतं." तो गेल्यावर तिने हात धुतले, मग पुन्हा धुतले.

गुरुवारी फोटोत खांदे आले होते. पाठमोरे.

ठसे चार.

संध्याकाळी तिने देवापुढे गुडघे टेकले. रोजची प्रार्थना तिला तोंडपाठ होती, पण पहिल्याच ओळीपाशी जीभ अडली. ज्या तोंडाने "मला माहीत नाही" म्हटलं त्याच तोंडाने आता काय मागायचं, तिला कळेना. ती तशीच उठली.

शुक्रवारी ती पावणेआठलाच आली. दिवे लावले. काचेवर सहा ठसे होते. सगळे वेगवेगळ्या मापांचे, एका ओळीत, शाळेत हजेरीला मुलं उभी राहतात तसे.

तिने नाव टाकलं.

डेल्बर्ट समोर पाहत होता. ती ओळखीचीच जिवणी, गाण्याआधी किंचित उघडलेली. पण शवपेटीत तिने पाहिला त्यापेक्षा तो म्हातारा दिसत होता. बरोबर चार वर्षांनी म्हातारा.

खाली वयं होती. सात. नऊ. आठ. दहा. सहा. पाच.

तिला एकीची खात्री होती. दुसरीचा अंदाज होता. बाकीच्या चार तिने मोजल्याच नव्हत्या.

शेवटची ओळ: प्रत्यक्ष तपासणी आज, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटं. नोंद घेणारे: आर्दिस वीम्स.

भिंतीवरच्या घड्याळात सात त्रेपन्न झाले होते.

तिने मागे वळून पडद्याकडे पाहिलं नाही. वयं एका चिठ्ठीवर उतरवली, चिठ्ठी खणात ठेवली, आणि काच न पुसताच वरच्या मजल्यावर शेरीफकडे गेली.

"मला जबाब द्यायचाय," ती म्हणाली. "माझ्या भावाबद्दल. आणि माझ्याबद्दल."

दोन तास लागले. जिना, बूट, नाडी, लिनेटची आई, ते हसणं, सोमवारचं ते खोटं. तिने काही सोडलं नाही. प्रत्येक पानाखाली सही केली. खाली येऊन नाव टाकलं, तर स्क्रीनवर काळी ओळ: नोंद आढळली नाही.

रविवारचा समारंभ झाला नाही. पाळकांनी जबाब वाचला आणि पाटी झाकून ठेवली. दुसऱ्या बाकावर आर्दिसच्या शेजारी कुणी बसलं नाही. प्रार्थना संपताना लिनेट आली, आणि तिच्यापासून एक हात सोडून बसली.

मग माणसं येऊ लागली. पहिली लिनेट, जबाब द्यायला. शाळेच्या बसची चालकीण आली. "आठ वर्षांची होते," म्हणाली आणि वर जबाब द्यायला गेली. धान्याच्या कोठारावर हिशेब बघणारी आली, तिचं वय तेव्हा दहा. एक आजारी बाई लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन आली. "मी सहाची." आणि एका दुपारी दूरच्या राज्यातून फोन आला.

"तुम्ही माझी नाडी बांधली होतीत," पलीकडची बाई म्हणाली. "घट्ट, दुहेरी गाठ. मला वाटायचं तुम्ही विसरलात."

"नाही," आर्दिस म्हणाली. "विसरले असते तर बरं होतं, असं मला रोज वाटायचं."

फोन मात्र दोघींपैकी कुणीच लगेच ठेवला नाही.

एकेक जण अशी पुढे आली की दुसऱ्या सकाळी काचेवरचा एक ठसा कमी व्हायचा. सहाचे पाच, पाचाचे चार. खणातल्या चिठ्ठीवर आर्दिस एकेक आकडा खोडत गेली.

त्याला आता सहा वर्षं झाली. आर्दिस येत्या वसंतात निवृत्त होणार आहे. खिडकीशी बसणाऱ्या नव्या बाईला तिने सगळं शिकवलं: फोटो, तेवीस सह्या, काच कशी पुसायची. फक्त खालचा डावा कोपरा पुसायचा नाही, असं बजावलं. का, ते सांगितलं नाही. चिठ्ठीवर एक आकडा अजून तसाच आहे.

तेव्हा मंडळी, माझं मागणं ऐका. आज दिवा लावाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या पाच वर्षांच्या मुलीची आठवण ठेवा. तिचं नाव मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. ती रोज सकाळी येते, टाचा उंचावून अंगठा टेकवते. इतक्या वर्षांत तो ठसा जरासुद्धा मोठा झालेला नाही.