शेपूवरच्या अळ्या

"अहो, तो शेपू कापू नका... एक मिनिट थांबा."

संहिता कात्री हातात धरून तशीच थबकली. नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या त्या शांत गल्लीत, आपल्याच परसात, कुंपणापलीकडून कुणी मराठीत हाक मारेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लाकडी फळ्यांवरून एक सावळा, चष्म्याआडचा चेहरा डोकावत होता.

"माफ करा. तुम्ही फोनवर आईंना सांगत होतात, शेपूवर अळ्या पडल्यात, सगळा काढून टाकते म्हणून. मी ऐकत नव्हतो... म्हणजे, ऐकू आलं."

"आणि तुम्ही कोण?"

"लहू गायकवाड. शेजारच्या आजींची वरची खोली भाड्यानं घेतलीय. युनिव्हर्सिटीत किड्यांवर काम करतो." तो किंचित घुटमळला. "अळ्या बघायला येऊ का?"

आजवर कुणी तिच्याकडे इतकी विचित्र परवानगी मागितली नव्हती. तिनं फाटक उघडलं.

हिरव्यागार अळ्या, अंगावर काळे पट्टे, पट्ट्यांत नारिंगी ठिपके. लहू गुडघ्यांवर बसून त्यांच्याकडे असा बघत राहिला, की संहिताला उगाच आपला शेपू मोलाचा वाटायला लागला.

"मोनार्क फुलपाखराची ना ही? फोटोत पाहिलीय," ती म्हणाली.

"बहीण शोभेल तिची. पण मोनार्क अमेरिकेकडची, आणि ती शेपूला तोंड लावणार नाही. हिचं फुलपाखरू पिवळं होतं, मागे शेपटी असलेलं. इथे फार दिसत नाही... तुमच्याकडे आलंय."

शेवटचे दोन शब्द तो अळीकडे बघून म्हणाला, तरी संहिताला उगाच कानकोंडं झालं.

त्या दिवशी भाजी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी लहू सायकल लावून सरळ तिच्याच फाटकातून आत येऊ लागला, आणि संहिता दोन कप चहा टाकू लागली. अक्रोडाच्या झाडावरून एक तांबूस खार उतरायची, कानांवर केसांचे झुपके मिरवत. संहितानं ठेवलेले शेंगदाणे ती आधी हुंगायची, मग गुलाबाच्या कुंडीत पुरून यायची.

"हिच्या पाठीवर रामाची बोटं नाहीत," संहिता म्हणाली.

"सेतू बांधायला गेलीच नसेल. इथे सगळं आधी नगरपालिकेला विचारावं लागतं."

ती खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी आपण हसतोय, हे तिचं तिलाच जाणवलं.

कारण तिची नोकरी गेली होती. उट्रेख्टच्या ज्या कंपनीनं तिला पुण्याहून आणलं, तिनं अख्खी टीमच बंद केली होती. तीन महिन्यांत नवी नोकरी मिळाली नाही, तर परत जाणं भाग होतं. लहूला तिनं हे एकदा सांगितलं, अगदी सहज सांगावं तसं. तो मग "मिळेल" एवढंच म्हणाला, आणि चहाचे कप स्वतः विसळून गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो थोडा दूर, पायरीच्या कडेला बसायला लागला.

एका सकाळी शेपूवर एकही अळी नव्हती. संहितानं पानन् पान चाळलं, आणि मग तिची नजर कुंपणावर मिशा साफ करत बसलेल्या खारीवर गेली. तिला रडूच फुटलं. लहू धावत आला तेव्हा ती शेपूच्या वाफ्यात बसली होती.

"खाल्ल्या तिनं. सगळ्या खाल्ल्या... मी शेंगदाणे घालून घालून तिला इथे बोलावलं."

"संहिता, इकडे ये." पहिल्यांदाच एकेरी आलं, दोघांच्याही लक्षात आलं. कुंपणाच्या खालच्या फळीशी त्यानं बोट नेलं. बारीकशा रेशमी धाग्यानं कंबर बांधून एक कोष लाकडाला टेकला होता. पलीकडे दुसरा. "वाढ पूर्ण झाली की त्या जागा सोडतात. खारीवर उगाच आळ घेतलास."

तिनं डोळे पुसले. ओठांवर आलेलं पुन्हा गिळलं. आत्ता काय सांगायचं याला? मला तू आवडतोस? आणि त्याला वाटलं, व्हिसा संपत आलाय म्हणून बोलते, तर? त्याला नाही वाटलं, तरी तिला स्वतःलाच ते आयुष्यभर टोचलं असतं.

ऑगस्टमध्ये फुलपाखरं निघाली. पिवळी, काळ्या नक्षीची... ओले पंख वाळवून एकामागून एक कुंपणापार गेली. त्यानंतरच्याच आठवड्यात आर्नहेमच्या एका कंपनीचा फोन आला. नोकरी पक्की, परवान्याचं काम कंपनीच बघणार. संहितानं फोन ठेवला आणि आधी जमिनीवरच बसली. मग अनवाणीच शेजारच्या दारात गेली.

लहूनं दार उघडलं. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. त्यानं चौकटीला डोकं टेकवून मोठा श्वास सोडला, जणू नोकरी त्यालाच लागली होती.

"आता बोलू का?" तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हा विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, हा अडचणीत सापडलेल्या मुलीला गाठतोय. म्हणून थांबलो. लांब बसलो... फार कठीण गेलं."

संहिता त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पण थांबले होते. तुला वाटेल, व्हिसासाठी बोलते..."

"म्हणजे आपण दोघंही उन्हाळाभर शहाणपणाच करत बसलो?"

"मूर्खपणा म्हण."

"बरं, मूर्खपणा. मला तू आवडतेस, संहिता."

"मलाही. कधीपासून ते विचारू नकोस."

त्या रविवारी ते सायकली काढून ऱ्हाईनच्या बांधावर गेले. वारा पाठीशी होता, खाली कुरणात गाई बसल्या होत्या.

"आईला सांगितलं," संहिता म्हणाली. "तुझं नाव, आडनाव, तुमच्याकडे लग्न बुद्धवंदनेनं होतं, तेही."

लहूचा वेग एकदम मंदावला. "मग?"

"आधी तिनं बाबांना हाक मारली. मग विचारलं, स्वयंपाक येतो का त्याला?"

"येतो, म्हणालीस ना?"

"भांडी छान घासतो, म्हणाले."

लहू मनापासून हसला. त्यानं सायकल तिच्या सायकलीला भिडवली आणि एक हात पुढे केला, इथली जोडपी करतात तसा. तिनं तो धरला. दोन्ही सायकली जरा डगमगल्या, मग सरळ झाल्या.