इंद्रभानचा पंप

शालूबाई त्या दुपारी साखरखेर्ड्याच्या बाजारात गेली ती मिरच्या घ्यायला. पण शेजारची धम्मशीला फहीमच्या मोबाइलच्या दुकानात शिरताना दिसली, आणि मिरच्या राहिल्या बाजूला. कोणी कुठं शिरलं की मागोमाग जाऊन बघायचं, हा शालूबाईचा स्वभावच. गल्लीत कोणाकडे पाहुणे आलेत हे तिला कपबशांच्या आवाजावरून कळायचं, आणि कोणी नुसतं "अहो" म्हटलं तरी ही चार घरं पलीकडून "ओ" द्यायची.

पण धम्मशीलेची गोष्ट वेगळी. ती आणि तिचा मोठा भाऊ प्रसेनजित, दोघंच घरात. आईबाप नाहीत. शालूबाईच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळे भाजीची वाटी तिकडे गेल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पोरगी पोलीस भरतीसाठी रोज संध्याकाळी पळायची. पोरगा लोकांच्या कपाशीवर फवारणीला जायचा. "धम्माच्या अंगावर खाकी चढली का मी पंप ठेवतो खाली," म्हणायचा. ते साल बोंडअळीचं. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणणारे सगळे गप्प झाले होते. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात शिरून फवारणीवर फवारणी चाललेली, आणि फवारता फवारता माणसं पडल्याच्या बातम्या रोज कुठून ना कुठून येत होत्या. प्रसेनजित पंप घेऊन निघाला की तो परत येईपर्यंत शालूबाईचा जीव थाऱ्यावर नसायचा.

"पळलं का निघून पडते रे हे," धम्मशीला कानातले इअरफोन फहीमपुढे धरून म्हणत होती. "अन् घट्ट घातलं का कान दुखते."

"रबर मोठं हाये तुया कानाले." फहीमनं डबीतून रबराच्या बारक्या टोप्या काढल्या. "दोन्ही कान सारखे नसते कोणाचेच. डाव्याले लहान घाल, उजव्याले मधलं. वायर कानाच्या मागून घे. आता कान वर वढ... हां... अन् घालताना जरासं फिरव."

धम्मशीलेनं तसं केलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं माय! सगळं बंदच झालं. माह्या बोलण्याचा आवाज डोक्यात घुमून राह्यला."

"मंग बसलं बरोबर. आता पळशील तं गाणं नसलं तरी आपलेच पाय आयकू येतीन, धप् धप्. घाबरू नको. अन् रस्त्यानं एक कान मोकळा ठेवत जा, मागून जीप आली तं समजलं पाह्यजे."

"मले दे एखादं," शालूबाई म्हणाली.

"तुम्हाले काऊन पाह्यजे मावशी? तुमचे कान बंद झाले तं गावाच्या बातम्या कोण देईन?"

दुकानापुढची माणसं हसली. शालूबाईही हसली. तिला शुगर निघाली होती, डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. म्हणून त्या संध्याकाळीही धम्मशीला पळायला निघाली तशी ही पदर खोचून मागून चालायला लागली.

मेहकरच्या रस्त्याला गाव सुटलं की दोन्ही अंगांनी कपाशी. सूर्य टेकला होता, उजेड अजून होता. पण पऱ्हाटीच्या आत मात्र अंधार आधीच येऊन बसला होता. प्रसेनजित त्या दिवशी पंजाबरावांच्या वावरात होता. बांधाजवळून जाताना शालूबाईनं सवयीनं कान दिला. पंपाचा आवाज नाही. माणसाची चाहूल नाही. नुसता औषधाचा वास, सडलेल्या लसणासारखा, गरम हवेत लोंबकळत राहिलेला.

"गेला असंन घरी," ती स्वतःशीच म्हणाली. पण पाय काही पुढं उचलेना.

तेवढ्यात नाल्यापर्यंत जाऊन धम्मशीला परत आली. पळत नव्हती, चालत होती. शालूबाईजवळ येऊन तिनं मोबाइल पुढं केला.

"मावशी, पाह्य बरं. बंद हाये ना हा?"

"बंदच हाय. काऊन वं?"

"मंग... हे काय वाजून राह्यलं?"

तिनं उजव्या कानातलं काढून दिलं. शालूबाईनं कान वर ओढला आणि फहीमनं सांगितलं तसं फिरवून ते आत बसवलं. विहिरीत तोंड घातल्यासारखं झालं. रातकिडे गेले, रस्ता गेला. तिचंच रक्त तिच्या कानात सूं सूं करत होतं. आणि त्या सूं सूंच्या मागं, लांब...

खट् खट्. मग जरा थांबून, सूंऽऽ.

खट् खट्. सूंऽऽ.

फवारणीचा पंप. शालूबाईनं कानातलं उपसून काढलं. बाहेर काही नाही. वावर मुकं. पुन्हा घातलं. खट् खट्...

पंप सगळेच मारतात, पण दोनदा दांडा मारून दम खायचा, ही पद्धत गावात एकाचीच होती. इंद्रभानची. त्याचा एक हात लहानपणी मोडलेला, सलग दांडा मारवत नसे. गावातल्या झाडून सगळ्या वावरांत तो फवारून आला होता. मागच्या दिवाळीच्या आधी अशाच एका पऱ्हाटीत पडला. संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, सापडला तो मेलेलाच.

"इंद्रभानचा..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"मावशी, दादा कुठं हाये?"

शालूबाईनं पोरीचा हात धरला आणि दोघी बांधावरून आत उतरल्या. एका वायरीची दोन टोकं दोघींच्या कानांत. वायर तुटू नये म्हणून खांद्याला खांदा लावून चालत होत्या. पऱ्हाटीच्या फांद्या तोंडावर सपासप बसत होत्या. पानं ओली होती, चिकट.

"इकडं आवाज कमी होते, मावशी..."

"मंग डाव्या अंगानं चाल. हळू... वायर सांभाळ."

खट् खट्. आता जवळ. आता अगदी समोर, हात लांब केला तर लागेल इतकं. शालूबाईनं फांदी बाजूला केली, आणि आवाज बंद झाला.

सरीत प्रसेनजित पडला होता. तोंडातून फेस. डोळे अर्धे उघडे.

"दादा! ए दादा!"

श्वास होता. बारीक, घरघरता, पण होता. पंप त्याच्या पाठीवर नव्हता. बाजूला सपाट जागा पाहून कोणीतरी नीट ठेवला होता, झाकण लावून, पट्टे गुंडाळून. शालूबाईनं तिकडं पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

तिनं रस्त्यावर येऊन अशी आरोळी ठोकली की रहेमतुल्लाची मेहकरला निघालेली जीप जागच्या जागी थांबली. प्रवासी उतरले, चौघांनी पोराला उचललं. जीपमध्ये त्याचं डोकं शालूबाईच्या मांडीवर होतं. अंधारात ती नुसती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली, तो हात वर येतो की नाही एवढंच बघत.

मेहकरच्या दवाखान्यात सुया झाल्या, सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. वॉर्डातले दिवे लागले होते आणि बाहेर लोकांचे डबे उघडत होते, तेव्हा कुठं पोराच्या तोंडावर रंग आला. धम्मशीला खाटेच्या पायथ्याशी बसून रडली, मग तिथंच डोकं टेकून पडून राहिली.

सिस्टर त्याचं तोंड पुसायला आली. "हे कानात काय घातलंय?" म्हणत तिनं एकेक करून दोन्ही कानांतून कापसाचे बोळे काढले, खाटेजवळच्या ट्रेमध्ये टाकले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

शालूबाई वाकून बघायला लागली. आखूड, खरबरीत, मळकट पिवळा कापूस. गावरानी. बीटी आल्यापासून अख्ख्या गावात हा कोणी पेरला नव्हता. आणि कानांत बोळे कोणाच्या घालतात, हे काय तिला सांगायला पाहिजे होतं?

"मावशी..." प्रसेनजितनं डोळे उघडले.

"बोलू नको बापू. पडून राय."

"इंद्रभानदादा आला होता. त्यानंच पंप उतरवला माह्या पाठीवरून."

"हाव... झोप आता."

"कानात त्यानंच घातलं. म्हणे, आता ते तुले नाव घेऊन बलावतीन. आयकू नको. ओ देऊ नको."

"ते कोण रे?"

"लय जण हायेत, मावशी. पऱ्हाटीत उभे राह्यते. एका रांगेत." त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं, वॉर्डाच्या दाराकडे गेली आणि तिथंच थांबली. "हे पाह्य... इथवर आले. माह्यं नाव घेऊन राह्यले. जाऊ का?"

शालूबाईनं वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. पण पोरानं सलाइनचा हात उचलला, एक पाय खाटेखाली सोडला, आणि त्याचे ओठ "हा... आलो" म्हणायला उघडले.

तिनं एका हातानं त्याचं तोंड दाबलं. दुसऱ्या हातानं ट्रे चाचपला, बोळे उचलले, एक या कानात, एक त्या कानात, बोटानं दाबून घट्ट बसवले. पोराचं अंग सैल पडलं. पाय आपोआप वर आला. क्षणात तो झोपला, लहान मुलासारखा.

"बाई, काय करताय ते?" लांबून सिस्टर ओरडली.

"राहू द्या सिस्टर. त्याच्या कानाले वारं लागते."

हात पुसायला म्हणून तिनं पदर ओढला आणि तिची नजर ट्रेवर गेली.

ट्रेमध्ये अजून दोन बोळे होते.

तसेच आखूड, तसेच पिवळे. आताच कोणी हातावर वळून ठेवल्यासारखे. सिस्टरनं दोनच काढले होते, हे शालूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं धम्मशीलेकडे पाहिलं. पोरगी खाटेच्या पायथ्याशी शांत झोपली होती.

आणि मागून, दारातून, कोणीतरी अगदी घरच्या माणसासारखी हाक मारली.

"शालूबाई... जरा इकडं येता का?"

खोकणाऱ्या म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. सिस्टरनं वर पाहिलं नाही. जन्मात शालूबाईनं कोणाची हाक खाली पडू दिली नव्हती. "ओ" अगदी ओठांपर्यंत आली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले.

दारातला आवाज समजूतदारपणे म्हणाला,

"बरं बरं... या सवडीनं."