अर्धा सेकंद आधी

यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण नेव्हिल मिरांडाने ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांच्यापुढे त्याने एकही वाक्य कधी बदललं नाही.

आणि आवाजाच्या बाबतीत हा माणूस चुकत नाही. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत तो बावीस वर्षं साऊंड रेकॉर्डिस्ट आहे. दोन खोल्यांपलीकडे पंखा कुरकुरला तरी रेकॉर्डिंग थांबवणारा.

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३. मरोळ गावठाणातलं मिरांडांचं घर.

रात्र नव्हती. दुपारचे सव्वाचार वाजले होते. खिडकीतून कडक ऊन येत होतं आणि समोर नव्या टॉवरचं काम धडाधड चालू होतं.

नेव्हिलचे पपा जॉनी मिरांडा, वय एकोणऐंशी, पलंगावर उशीला टेकून बसले होते. जन्मभर कारखान्यात फिटरचं काम केलेला माणूस. वेड मात्र एकच. ऑपेरा.

दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आले की रेकॉर्ड लावायचे. अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. शेजारचे दादू विचारायचे, "जॉनी, ती बाई एवढी किंचाळते कशाला रे?"

"मरतेय ती," पपा म्हणायचे. "ऑपेरात माणूस मुकाट मरत नाही. दहा मिनिटं गातो, मग मरतो."

इटलीच्या ऑपेरा कंपन्या एके काळी बोटीने मुंबईत यायच्या, हे ते अशा थाटात सांगायचे, जणू स्वतः धक्क्यावर सामान उतरवायला गेले होते. आणि एक किस्सा तर ठरलेला. एका मोठ्या संगीतकाराचा शेवटचा ऑपेरा अपुरा राहिला. तो वारला. पहिल्या प्रयोगात कंडक्टर त्या जागेपर्यंत आला, थांबला, आणि लोकांकडे वळून म्हणाला, "मास्टर इथेच गेले." पुढचं वाजवलंच नाही. हे सांगताना पपांचे डोळे दर वेळी भरायचे.

जुलैत त्यांना स्ट्रोक आला.

हातपाय वाचले. शब्द गेले.

डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाचं तोंड कधी बंद नसायचं, तो आता "आ... आ..." करून खिडकीकडे बोट दाखवायचा. नेव्हिलला ते बघवत नव्हतं.

म्हणून त्या शनिवारी त्याने ती कॅसेट काढली.

कपाटात अगदी मागे, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली. वर पपांच्या अक्षरात लिहिलेलं: पॅरिश हॉल, १९८१. तेव्हा चर्चच्या त्या हॉलमध्ये गावठाणातल्या हौशी मंडळींनी एका इटालियन ऑपेराचा एक अंक बसवला होता. पपा त्यात टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला मुख्य गायक. घरात शेकडो रेकॉर्ड वाजल्या, पण ही कॅसेट नेव्हिलने कधीच ऐकली नव्हती. पपांनी ती कधी लावलीच नव्हती.

का, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही.

त्याला वाटलं, स्वतःचा तरुणपणीचा आवाज ऐकून पपांना काहीतरी आठवेल.

आधी नुसती खरखर. मग ऑर्गन. मग पपांचा आवाज. सदतीस वर्षांचा, भरदार, मोकळा. नेव्हिलच्या अंगावर काटा आला. आनंदाने.

पण प्रत्येक ओळीच्या आधी...

अर्धा सेकंद आधी...

कोणीतरी कुजबुजत होतं.

बाईचा आवाज. पपा जे गाणार, त्याचे पहिले दोन-तीन शब्द.

नेव्हिल हसला. प्रॉम्प्टर! ऑपेरात स्टेजच्या पुढच्या कडेला खाली एक खोबण असते. तिथे बसलेला माणूस लोकांना दिसत नाही. गायकाच्या आधी तो शब्द पुरवतो. पपांनीच कधीतरी सांगितलं होतं. माईक तिच्याजवळ असणार, एवढंच.

त्याने कॅसेट लॅपटॉपवर घेतली. आवाजाची रेष बघितली.

पपांचा आवाज दिसत होता. ऑर्गन दिसत होता. लोकांचा खोकलासुद्धा दिसत होता.

कुजबुज जिथे होती, तिथे रेष सपाट होती.

नेव्हिलने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. कानाला स्पष्ट ऐकू येत होतं. स्क्रीनवर काही नव्हतं.

त्याने मान वर केली. पपा लॅपटॉपकडे बघत नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीकडे बघत होते.

मग कुजबुज पुन्हा आली. या वेळी इटालियन नाही.

"पाणी..."

आणि पपा म्हणाले, "पाणी."

स्वच्छ. न अडखळता. तीन महिन्यांनी पहिला शब्द.

नेव्हिलची बायको ॲमांडा स्वयंपाकघरातून धावत आली. "पपा बोलला? नेव्ही, पपा बोलला?" ती रडायलाच लागली. तिने कुजबुज ऐकली नव्हती. नेव्हिलने सांगितलीही नाही.

मग रोज चार वाजता कॅसेट लागायची, आणि रोज नवा शब्द यायचा. "चहा." "खिडकी लाव." एकदा तर "ॲमांडा, मीठ कमी." घरात सण असल्यासारखं झालं.

प्रत्येक शब्दाच्या अर्धा सेकंद आधी जमिनीजवळून तो आवाज यायचा.

नेव्हिल स्वतःला समजावत राहिला. कान थकलेत. कामाचा ताण.

पाचव्या दिवशी पपांनी त्याचं मनगट धरलं. बोटं रुतली. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. ऑर्गन वाजत होता. कुजबुज नव्हती.

"बं... बंद... कर."

त्या पाच दिवसांतले तेवढेच दोन शब्द त्यांचे स्वतःचे होते.

नेव्हिलने बंद केली नाही.

हे तो आजही मान खाली घालून सांगतो. "मला त्याचा आवाज हवा होता रे. कसाही."

त्या संध्याकाळी मात्र त्याने मुलुंडला फोन लावला. विद्याधर नाईक पपांचे कारखान्यातले दोस्त. संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे, आणि १९८१ च्या त्या प्रयोगालाही त्यांचाच ऑर्गन होता.

"काका, तुमच्या ऑपेराला प्रॉम्प्टर कोण होतं?"

"ज्युलिया! दुसरं कोण? तुझी आत्या. कॉन्व्हेंटात सिस्टरांकडून इटालियन शिकलेली. जॉनीला एक शब्द लक्षात राहायचा नाही. तालमीत ती पुढे बसून सगळं पुरवायची."

नेव्हिलचा जीव भांड्यात पडला. "हां, मग टेपवर तीच ऐकू येते."



"कुठल्या टेपवर?"

"प्रयोगाच्या."

विद्याधरकाका हळू आवाजात म्हणाले, "नेव्हिल, ज्युलिया प्रयोगाच्या तीन महिने आधी गेली. कावीळ झाली होती. तिची खुर्ची आम्ही तशीच ठेवली होती. रिकामी."

नेव्हिलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जॉनी त्या दिवशी एक अक्षर चुकला नाही. मी आत जाऊन म्हटलं, झकास रे! तर तो थरथरत होता. म्हणाला, विद्या, मी परत गाणार नाही. आणि नाहीच गायला. मला वाटलं, बहिणीचं दुःख."

नेव्हिलने कॅसेट पुन्हा टोपीत गुंडाळून कपाटात टाकली. लॅपटॉपवरची फाईल उडवली.

पपा पुन्हा मुके झाले. पण चेहरा शांत होता. निदान तसं वाटत होतं.

दोन दिवस काही नाही.

तिसऱ्या दिवशी नेव्हिल ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही. समोरचं कामही जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलेलं.

पायाजवळून... अगदी घोट्याजवळून...

"पपा गेला."

हातातली गाळणी पडली. तो धावत खोलीत गेला. पपा जिवंत होते. बिस्कीट खात होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. सावकाश. नाही, नाही, अशी.

पपांना ज्युलियाने कधी पपा म्हटलं नसतं. ती त्यांना जॉनी म्हणायची.

म्हणजे ते वाक्य तिचं नव्हतं. नेव्हिलचं होतं. पुढे त्याने बोलायचं.

त्या रात्री त्याने ॲमांडाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाली, "तू ते बोलायचंच नाही. काय वाट्टेल ते होऊ दे. तोंडातून काढायचं नाही."

"नाही काढणार."

९ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे साडेपाच. ॲमांडा भाजी आणायला गेली होती. नेव्हिल पपांना चमच्याने पेज भरवत होता. एक चमचा गेला. दुसरा ओठांवरून हनुवटीवर ओघळला.

पपांचे डोळे उघडे होते. छाती हलत नव्हती.

पाच मिनिटांनी दार वाजलं. ॲमांडा दारात, हातात पिशव्या. त्याचा चेहरा बघून तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"काय झालं?"

नेव्हिलने ओठ घट्ट मिटले.

"नेव्ही, काय झालं? बोल ना!"

"पपा गेला..." खालून.

तो बोलला नाही.

"पपा गेला..." जरा मोठ्याने. गायक विसरला की प्रॉम्प्टर करतो तसं.

"पपा गेला. पपा गेला. पपा गेला..."

त्याने कान दाबले. आवाज कमी झाला नाही. ॲमांडा त्याला गदागदा हलवत होती आणि तिचं एकही वाक्य त्याला ऐकू येत नव्हतं. खोलीभर तेवढंच, घाईघाईने, चिडून, जणू अख्खं नाटक त्याच्यामुळे खोळंबलंय.

"पपा गेला!" नेव्हिल ओरडला.

आणि सगळं थांबलं.

इतकी शांतता त्याने साऊंडप्रूफ खोलीतसुद्धा कधी ऐकली नव्हती.

कॅसेट त्याने पपांच्या शवपेटीत, कोटाच्या खिशात ठेवली. फादरना विचारलं नाही.

ख्रिसमस गेला. जानेवारी गेला. घरातले आवाज पुन्हा साधे झाले. पाण्याची मोटर, कुकर, समोरचा टॉवर. नेव्हिल पुन्हा नीट झोपायला लागला.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे दहा. तो बाल्कनीत दाढी करत होता. ॲमांडा आत बोंबील तळत होती.

तव्याचा चरचराट चालू होता. पण ती दारात येऊन उभी होती. हातात उलथनं. ओठ पांढरे.

"तू काही म्हणालास?"

"नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्याकडे, गळ्यावरच्या साबणाकडे, हातातल्या रेझरकडे. जणू ते सगळं ती पाठ करत होती.

"ॲमांडा... काय ऐकलंस?"

तिने पीठ लागलेला हात तोंडावर दाबून धरला.

आत बोंबील जळाले. दोघांपैकी कोणीही गॅस बंद करायला गेलं नाही.

त्यानंतर त्याने तिला प्रेमाने विचारलं, रागाने विचारलं, बायबलवर हात ठेवायला लावून विचारलं. तिने फक्त एवढंच सांगितलं. आवाज बाईचा होता, जमिनीजवळून आला, आणि ते वाक्य पुढे तिलाच बोलायचं आहे.

कुठलं, ते अजून सांगितलेलं नाही.

हल्ली ॲमांडा घरात फार कमी बोलते. नेव्हिल कामावर निघाला की दारापर्यंत येते आणि नुसता हात हलवते.