मावशीचे श्वास

मोबाइल उपडे ठेवा. दिवा राहू दे, तुमच्यातल्या शूरवीरांसाठी. हे ज्याच्या घरी घडलं तो माझा जुना मित्र आहे. रोज भेटतो, आणि थापा मारायला लागते तेवढी अक्कल त्याच्याकडे नाही.

तो स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होता. आम्ही त्याला खटक्या म्हणायचो. त्या वर्षी मुलांच्या एका अ‍ॅपसाठी पऱ्यांच्या गोष्टी करायचं काम आलं. राक्षस, जादूची बासरी, मधूनमधून गाणी. गोष्टी सांगायला एक म्हातारी बाई होती, सगळ्यांची मावशी. तिने तोंड उघडलं की चहावालासुद्धा कपबशा घेऊन दारातच उभा राहायचा. पण तिला दमा. दर वाक्यानंतर लांब, घरघरणारा श्वास.

असे श्वास कापून टाकायचे, ही त्या धंद्यातली रीतच आहे. मावशी मात्र कुरकुरायची. "अरे, माझे श्वास ठेव. पोरं त्यांच्याबरोबर श्वास घेतात, म्हणून तर झोपतात."

"मावशी, कंपनीला परी हवीय. लोहाराचा भाता नकोय," खटक्या म्हणायचा. तीही हसायची.

शेवटची गोष्ट रेकॉर्ड झाली आणि चौथ्या दिवशी मावशी गेली. हा पोटभर रडला, आणि डोळे पुसून कामाला बसला. एकूण एक श्वास काढला. वाक्याला वाक्य भिडवलं, खाली बासरी टाकली. कापलेलं सगळं पुसूनही टाकलं.

मंगळवार होता. रात्रीचे पावणेअकरा. बायको नर्स, तिची रात्रपाळी. शेजारची काकू सहा वर्षांच्या लेकीजवळ बसली होती, ती हा आल्यावर घरी गेली. तयार गोष्ट आधी लेकीला ऐकवायची, ही त्याची सवय. ती झोपली की काम पास.

त्याने फोन तिच्या उशाशी ठेवला. दिवा मालवला. मावशी बोलायला लागली. राजकन्या रानात शिरली, राक्षस जागा झाला, बासरी वाजली... कुठे थांबणं नाही.

थोड्या वेळाने त्याने वळून पाहिलं. लेक झोपली नव्हती. डोळे टक्क उघडे. ओठ मिटलेले. छाती हलत नव्हती.

"पुरे गं चाळे," तो म्हणाला.



त्याने तिला हलवलं. पाठीत थापट्या मारल्या. तिची नजर फोनवरून हटेना. ती वाट बघत होती... मावशी श्वास कधी घेते याची.

ओठ निळे पडायला लागले.

त्याने फोन बंद केला.

गोष्ट चालूच राहिली.

बासरी गेली. नुसता आवाज. वाक्यावर वाक्य... वाक्यावर वाक्य... त्याने लेकीच्या तोंडात हवा फुंकली. आत जाईना. तो गुडघ्यांवर बसला.

"मावशी... चुकलो. मला काय करायचं ते कर. पोरीला सोड."

आवाज थांबला.

अंधार.

...

आणि उशाशी कुणीतरी श्वास घेतला. लांब. घरघरणारा.

मग लेकीने घेतला.

पुन्हा तिकडून... पुन्हा हिने. उजाडेपर्यंत. हा तिचा हात धरून बसून होता, मान वर करायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. ती गोष्ट त्याने कंपनीला दिलीच नाही, नोकरी गेली तरी. उशाशी तो श्वास मात्र रोज रात्री यायचा. पुढे एकदा मन घट्ट करून तो म्हणाला, "मावशी, आता जा." त्याच क्षणी लेकीची छाती थांबली. त्याने जमिनीवर डोकं टेकलं. त्यानंतर तो शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही.

पोरगी आता अकरा वर्षांची आहे. हसते, खेळते. तिच्या उशाला खिडकी आहे. थंडीत सकाळी काचेवर आतून वाफ धरते. मी स्वतः पाहिलंय. खाली, उशीपाशी, तिच्या श्वासाचा छोटासा डाग.

आणि हातभर वर, कुणी उशाशी बसलं तर तोंड जिथे येईल तिथे... दुसरा. मोठा.