इसरूची मिनिटं

संगणक शिकवणाऱ्या बाईच्या घरचा संगणक हा नेहमी गावातला सगळ्यात जुना संगणक असतो. संघप्रिया एटापल्लीच्या एका मुलींच्या निवासी शाळेत संगणक शिकवायची, आणि तिच्या क्वार्टरमध्ये असलेला डबा सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखी घरघर शेजारपर्यंत ऐकू जायची. त्याच्यासमोर रोज चार ते पाच तिची अकरा वर्षांची लेक दिव्यानी बसायची. तेवढा एकच तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. नवरा धम्मदीप गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता. पंधरा दिवसांनी एकदा यायचा आणि पोरीला कशालाच नाही म्हणायचा नाही. नाही म्हणायची सगळी कामं आपल्या वाट्याला आली आहेत, अशी संघप्रियाची कुरकुर असे.

मार्च लागला आणि शाळेच्या समितीने तिच्या गळ्यात एक काम घातलं. वसतिगृहासाठी वीस संगणक आले होते. मुली त्यावर काय बघतात, किती वेळ बघतात, यावर लक्ष ठेवणारा एखादा प्रोग्राम घ्यायचा होता. तीन कंपन्यांनी महिनाभर वापरून पाहायला दिले होते. त्यातला कुठला बरा, ते संघप्रियाने तक्त्यात गुण देऊन लेखी सांगायचं. ती बाई तक्त्यातच जन्माला आलेली. दुसऱ्यांच्या लेकींवर प्रयोग नको म्हणून तिने आधी घरीच लावून बघायचं ठरवलं.

पहिला प्रोग्राम दोन दिवसांत बाद झाला. त्याने सहावीच्या विज्ञानातलं शरीराचं चित्र अडवलं आणि रमीच्या जाहिराती बिनदिक्कत आत सोडल्या. दुसरा गुणाचा होता, पण इतका संथ की चार वाजता सुरू केलेला डबा साडेचारला जागा व्हायचा. तिसरा मात्र तिला आवडला. तो मराठीत बोलायचा. समोर कोण बसलंय ते कॅमेऱ्यातून चेहऱ्यावरून ओळखायचा, दर दहा मिनिटांनी एक फोटो काढायचा आणि पाच वाजता आईबापाच्या फोनवर अहवाल पाठवायचा. मुलाला जास्त वेळ हवा असेल तर ते तिथूनच मागू शके, आणि आई किंवा बाप, कुणीही एकाने होकार दिला की तो मिळे.

तक्त्यात एक रकाना होता: एकाच संगणकावर वेगवेगळ्या वयांची दोन मुलं असतील, तर दोघांचा वेळ नीट वेगळा मोजला जातो का? संघप्रियाला एकच मूल. म्हणून तिने एक खोटं मूल तयार करायचं ठरवलं. वय सहा लिहिलं. नावाची चौकट मात्र रिकामी सोडता येईना.

बुधरी तेव्हा फरशी पुसत होती. पलीकडच्या टोल्यावरून, तिथल्या छोट्या वस्तीतून, ती घरकामाला यायची आणि संघप्रिया परत येईपर्यंत दिव्यानीजवळ थांबायची. पहाटे मोह वेचून आल्यामुळे तिच्या अंगाला त्या फुलांचा गोड, आंबूस वास असे. संघप्रियाने तिला गमतीने विचारलं, सहा वर्षांच्या पोराला एखादं छान नाव सांग. कुठलं पोर, असं बुधरीने विचारलं. पोर नाहीच, नुसतं नाव पाहिजे, हे ऐकून तिचा फडक्यावरचा हात थांबला.

"लेकरू नसताना नाव नोका ठेवू, बाई," ती म्हणाली. "आमच्या घरी आधी लेकरू येते. मंग म्हातारी त्याले मांडीवर घेते अन् मेलेल्यायची एकेक नावं घेते. ज्या नावाले ते रडाचं थांबते, ते त्याचं. मोकळं नाव ठेवलं तं कोनी ना कोनी येते त्याच्यावर."

संघप्रिया हसली. तिचे वडील सोमाजी वडशाला मास्तर होते आणि अंगारे-धुपारे त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नव्हते. तिने जे सुचलं ते नाव टाकलं: इसरू. प्रोग्रामने फोटो मागितला तेव्हा दिव्यानीने गाल फुगवून आपलाच फोटो काढून दिला. मायलेकी खूप हसल्या. बुधरी बादली घेऊन मागच्या अंगणात निघून गेली.

पहिले चार दिवस अहवाल अपेक्षेप्रमाणे आला. दिव्यानी साठ मिनिटं, इसरू शून्य. पाचव्या दिवशी आला: दिव्यानी सत्तावन्न, इसरू तीन.

संघप्रियाला आनंदच झाला, कारण चूक सापडल्यावर तिच्यातल्या मास्तरणीला भूक लागायची. दोन्ही खात्यांना एकच चेहरा दिल्यावर यंत्राचा घोळ होणारच. तिने इसरूचा फोटो काढून टाकला, तक्त्यात दोन गुण कमी केले आणि निवांत झाली.

दुसऱ्या दिवशी इसरूची नऊ मिनिटं झाली. त्याच्या पुढच्या दिवशी सतरा. दोघांची बेरीज मात्र दरवेळी साठच. जितकी मिनिटं इकडे वाढत, तितकी तिकडे कमी होत.

फोनवर निरोपही येऊ लागले. वर्गात शिकवताना टेबलावरचा फोन थरथरे आणि पडद्यावर ओळ दिसे: 'इसरू आणखी वेळ मागत आहे. द्यायचा?' संघप्रिया दरवेळी 'नाही' दाबायची. नेट येत-जात असल्याने कधी कधी ती ओळ अर्ध्या तासाने उगवे. नकार देऊनही मिनिटं मात्र वाढतच होती.

एका रविवारी सकाळी तिने आठवड्याचे सगळे फोटो काढून ओळीने लावले. सगळ्यांत दिव्यानीच होती. तोच निळा फ्रॉक, तीच वेणी. पण ज्या फोटोंखाली इसरूचं नाव होतं, त्यांत ती खुर्चीत फार खाली दिसत होती. टेबलाच्या कडेच्या वर फक्त कपाळ आणि डोळे. पोरगी पाय पसरून घसरून बसली असेल, असं संघप्रियाने स्वतःला समजावलं. मग तिने दिव्यानीला खुर्चीत बसवून तसं घसरायला सांगितलं. दिव्यानीने हसत हसत प्रयत्न केला. गुडघे टेबलाला अडले. तेवढं खाली जाताच येईना.

"काल साडेचारला काय करत होती तू?" तिने विचारलं.

दिव्यानीने खुर्ची मागे सरकवली. "काऊन विचारते? मी तं बसली अन् लगेच पाच वाजले. आजकाल लवकरच वाजतात."

संघप्रियाने त्याच क्षणी तिसरा प्रोग्राम काढून टाकला. यंत्राचा घोळ यंत्राबरोबर जाईल, असा तिचा हिशेब. समितीचं काम तर थांबवता येत नव्हतं, म्हणून तिने तो दुसरा, संथ प्रोग्राम परत चढवला. हा दुसऱ्याच कंपनीचा, त्याला कॅमेराही लागत नव्हता. अर्ध्या तासाने तो जागा झाला आणि त्याने मुलांची यादी दाखवली. यादीत दोन नावं होती.

त्या दिवसापासून ती खरंच घाबरली. आणि भीती सांगायची कुणाला? समितीला सांगावं तर बाईच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झाला म्हणतील. धम्मदीपला फोनवर सांगायला गेली, तर मागे कारखान्याची घरघर आणि दोन वाक्यांत रेंज जायची. तेवढ्यात पोरीच्या शाळेतून बाईंचा निरोप आला, की दिव्यानी दोनच्या पाढ्यापुढे अडखळतेय, घरी काही झालंय का. सहावीतली, सतरापर्यंत पाढे घडाघडा म्हणणारी पोर. तिने वही उघडून पाहिली. पानाच्या वरच्या अर्ध्यात दिव्यानीचं बारीक, गोल अक्षर होतं. खालच्या अर्ध्यात मोठाली, वाकडी अक्षरं होती, पेन्सिल दाबून धरल्याने कागद फाटलेला.

अहवालात आता दिव्यानीची बारा मिनिटं उरली होती.

गुरुवारी ती घरी आली तेव्हा बुधरी बाहेरच्या पायरीवर बसली होती, दाराकडे पाठ करून. एरवी ती आत बसून दिव्यानीशी गप्पा मारत मोह निवडायची. आत का बसली नाही, असं संघप्रियाने विचारलं. बुधरीने खालच्या आवाजात सांगितलं की पोरीने दुपारी आंबील मागितली. आंबिलीच्या वासानेही नाक मुरडणारी दिव्यानी दोन वाट्या प्यायली आणि वाटी चाटून ठेवली.

"मी त्याले बोलली नाई," बुधरी म्हणाली. "तुमीबी नोका बोलू. त्या नावानं तं बिलकुलच नाई. हाक मारली का ते इथीच राहीन."

"मग काय करू, सांग ना," संघप्रिया म्हणाली. बापाच्या शिकवणीचं, शिक्षणाचं, सगळं बाजूला ठेवून तिने विचारलं होतं. "ते जाईल कसं?"

बुधरीने पदराने तोंड पुसलं. "नाव मोकळं होतं म्हनून आलं. आता मोकळं कुठी हाय, बाई?"

शुक्रवारी संघप्रियाने संगणकातलं होतं-नव्हतं सगळं पुसून टाकलं. वायर काढली, डबा पोत्यात बांधून शाळेच्या भांडारखोलीत ठेवला आणि खोलीला कुलूप घातलं. समितीला तिने तीन ओळींत कळवलं, की यांतला एकही प्रोग्राम घेऊ नये. कारण विचारलं तर तक्ता हरवला म्हणून सांगायचं, हेही ठरवून टाकलं. त्या दिवशी चार ते पाच तिने लेकीला मांडीवर घेऊन काढले. दिव्यानी दमल्यासारखी पडून होती, पण दिव्यानीच होती. संघप्रियाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

शनिवारी दिव्यानीची शाळा सकाळची. अकराला ती घरी गेली असणार. संघप्रियाचा शेवटचा तास चालू होता. खिडकीबाहेर रानाच्या कडेला कुणीतरी मोहाखालचा पाला पेटवला होता, त्याचा धूर वर्गात येत होता.

फोन थरथरला.

'इसरू आणखी वेळ मागत आहे. कायमचा. द्यायचा?'

तिने 'नाही' दाबलं. मग परत दाबलं. पडद्यावर दुसरी ओळ आली: 'दुसऱ्या पालकाने परवानगी दिली आहे.'

तिने धम्मदीपला फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला. तो जेवायला बसला होता, खुशीत होता. हो तर, त्यानेच दिली होती. रोजच देत होता. पहिल्या दिवशी तूच तर माझा नंबर टाकला होता, असं तो म्हणाला. इसरू म्हणजे तुम्हा मायलेकींनी काढलेलं काहीतरी लाडाचं नाव असेल, असंच त्याला वाटलं होतं.

"मी इथी असतो, संघू," तो म्हणाला. "माह्या हातानं पोरीले देऊन देऊन काय देतो मी? मांगते तं हो म्हनून टाकतो."

तिने फोन ठेवला नाही, तो हातातच राहिला. वर्ग तसाच सोडून ती स्कूटीवर बसली.

पायरीवर बुधरी नव्हती. तिची टोपली होती, त्यात अर्धा निवडलेला मोह. दार सताड उघडं होतं.

स्वयंपाकघरात दिव्यानी जमिनीवर जेवत बसली होती. भात आणि वरण. दोन्ही पाय पोटाशी घेऊन, ताटावर वाकून, भराभर.

"दिव्यानी."

पोरीने वर पाहिलं नाही.

"दिव्यानी, बेटा."

दुसरं नाव संघप्रियाच्या ओठांवर आलं होतं. त्या नावाने हाक मारली असती तर पोरीने वर पाहिलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ओठ दातांखाली धरले.

हातातला फोन थरथरला. समोरच्या पोरीचे दोन्ही हात ताटात होते. घरात दुसरा फोन नव्हता, आणि संगणक कुलपात होता.

'दिव्यानी आणखी वेळ मागत आहे. एक मिनिट. द्यायचा?'

तिने 'हो' दाबलं.

पोरीचा घास हातातच थांबला. पाठ सरळ झाली. तिने मान वर केली, आईकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, तू हो काऊन नोती म्हनत? मी केव्हाची मांगून राह्यली."

संघप्रियाने तिला जवळ ओढलं. भाताच्या हातांनी पोरगी तिला बिलगली. फोन जमिनीवर पडला होता, त्यावर आकडे उतरत होते. एक्केचाळीस. चाळीस. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'दिव्यानीला दिवसातून एकच विनंती करता येते.'

संघप्रियाने फोन पालथा घातला. दिव्यानी घाईघाईने सांगत होती, तिकडे उजेड नाही, पण मोहाचा वास येतो, आणि बसायला जागाच नाही, आणि उद्या तू फोन जवळच ठेव, शाळेत असली तरी जवळ ठेव, आणि बाबाला सांग की

ती थांबली.

संघप्रिया वाट पाहत राहिली. तिच्या पाठीवरचा चिमुकला हात सुटला आणि चाचपडत ताटाकडे गेला.