वारेची आंघोळ

डॉक्टरसाहेब, राहीची वार तुम्ही चोरली. सरकारी खुर्चीत बसून केली म्हणून चोरीला दुसरं नाव मिळत नाही. स्वराज्य आलं, पण गरिबाच्या अंगातलं घेताना विचारायची रीत अजून आली नाही. रेवदंड्याच्या तुमच्या दवाखान्यात राही बाळंत झाली, ग्लानीत पडली, आणि पोरामागून पडलेल्या वारेवरचा पातळ पापुद्रा धुऊन तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या, आमच्याच गावातल्या ठमीच्या छातीवर पसरलात. भात उकडताना हंडा कलंडून ती भाजली होती. तिचं कण्हणं थांबलं, नवी कातडी धरली. काम चोख झालं, नाही कोण म्हणतं?

"वार कुठाय?" राहीच्या सासूनं, सोनाबाईनं विचारलं तेव्हा तुम्ही हसलात.

"आजी, फेकायचीच वस्तू. पापुद्रा कामी आला, बाकीची टाकली."

फेकायची? इथं वार हळदमीठ घालून न्हाणीत पुरतात. बाळंतीण त्याच जागी बसून न्हाते, ऊन पाणी खाली झिरपतं, पोराचा जीव त्या घराला धरून राहतो. राहीचं पोर घर धरीना. दूध ओठांवरून ओघळून जायचं, नजर सारखी दाराबाहेर. उचललं की कालच्यापेक्षा हलकं लागायचं.

"वार ठमीच्या अंगात हाय ना? मंग तिलाच न्हाऊ घालू," सोनाबाई म्हणाली.

"आत्याबाय, खुळ्या झाल्या का?" राही म्हणाली.

"व्हय, खुळी. पोर जगवायचं का न्हाय, सांग."

ठमी आली. न्हाणीच्या दगडावर लाजत बसली. "माझंबी बाळंतपण करताय की काय, काकी!"

दुपारचं ऊन पोफळींतून हिरवं होऊन तिच्या छातीवर पडलं होतं. तिथली नवी कातडी तान्ह्या पोराच्या टाळूसारखी मऊ होती. आणि टाळूसारखीच उडत होती.

राहीनं हळदीच्या पाण्याचा तांब्या ओतला. ओटीवर पाळण्यात पोर खुदकन हसलं. ती धावत गेली. पाळणा कोरडा, पोराचं जावळ ओलं, अंगाला हळदीचा वास.

तेव्हापासून पोर दूध ओढू लागलं. ठमी रोज येऊन न्हायची. राहीला बरं वाटायचं, आणि आत कुठंतरी जळायचंही.

मग ठमीच्या नवऱ्याचं बोलावणं आलं. आज सकाळी ती आगबोटीनं मुंबईला निघाली. राहीनं पाय धरले.

"मी तरी काय करू गं वैनी? मला माझा संसार हाय."

बोट नजरेआड झाली. समुद्र थिजल्यासारखा निवांत होता.

दुपारी पाळण्याखाली पाणी ठिबकू लागलं.

राहीनं पोर पुसलं. पुन्हा ओलं. छातीशी धरलं. अंग गार पडत चाललेलं.

तिनं त्याच्या कपाळाला जीभ लावली.

खारट.

आता ते रडतंय, पण आवाज येत नाही. तोंडातून नुसते बुडबुडे येतात.

राही त्याला घेऊन तुमच्या दाराशी उभी आहे. साहेब, दार उघडा. मुंबईच्या धक्क्यावर तार करून विचारा आणि राहीला सांगा, ठमी बोटीतून उतरली का?