समुद्राचा दर

तेव्हा बीडवर निजामाचं राज्य होतं. शाळेच्या कुतुबखान्यात माझे वडील, आबा, पुस्तकं सांभाळायचे, आणि त्यांची नजर अधू झाल्यापासून पुस्तकांची यादी मी लिहायचे. एका दुपारी दारात एक तरुण उभा राहिला... अंगभर धूळ, हातात पत्र्याचा डबा.

"समुद्र आणलाय," तो म्हणाला. "बघायचा का?"

"आदी चपला बाहेर काढा."

तो हसला, आणि माझी ओळ वाकडी गेली.

त्रिंबक मूळचा दिंद्रुडचा. हैदराबादच्या एका कंपनीच्या माहितीच्या फिल्मा विकायचा. डब्यात बंदर, गलबतं, कोळी असा खराखुरा समुद्र होता. आमच्या पोरांनी बिंदुसरा नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. पण घरी बघायला घेतली तर चाळीस रुपये, अन् शाळेला एकशे वीस.

"फिल्म एकच, मग शाळेला तिप्पट कावून?"

"शाळेत बघणारे लई. तुमच्यावानी एकटं कोण बघतंय?"

मी मान खाली घातली, पण कान तापलेच.

कंपनीच्या अर्जात 'पाहणारे किती' असं विचारलं होतं. आबा पडले सरळमार्गी. शाळेत काही नवं आलं की अख्खी पेठ लोटायची, म्हणून त्यांनी लिहिलं – दोन हजार. महिन्याभरात उत्तर आलं: दर तीनशे. शाळेला मंजुरी होती सव्वाशेची.

उत्तर घेऊन त्रिंबकच आला. कागद देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... कुणीच हात लगेच मागे घेतला नाही.

"आबांच्या नावानं घरगुती पावती फाडतो," तो हळूच म्हणाला. "दाखवा शाळेत. कुणाला कळतंय?"

"आन कळलं तर?"

"नोकरी जाईल. जाऊ द्या. तुमाला समुद्र तर दिसंल."

मला ते इतकं आवडलं की रागच आला. मी त्याच्या हातातलं पावतीपुस्तक काढून घेतलं.

"न्हाई. नवा अर्ज करू. एकशे दहा पोरं, तेवढीच लिहू. पेठेला मी दारातून परत पाठवीन."

"मागचा अर्ज रद्द करून नवा मंजूर व्हायला सहा म्हैने जातील, चतुराबाई. एवढा हट्ट कावून?"

"कारण..." मी पावतीपुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "बिननोकरीच्या माणसाला आबा पोरगी देणार न्हाईत."

 त्याने कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"लिवा," तो म्हणाला. "मी थांबतो."

समुद्र शाळेत यायला सात महिने लागले. पुढे त्याच्याशीच लग्न झालं, संसार सुखाचा झाला. पण वाट पाहण्याच्या त्या सात महिन्यांची सर कशालाच आली नाही.